'नागरिक' या शब्दाची कसोटी

इंग्रजीतील 'सिटिझन' या शब्दासाठी मराठीत 'नागरिक' हा प्रतिशब्द रूढ झाला. दोन्ही शब्दांच्या पोटात नगर आहे. इंग्रजी शब्दाने ते केव्हाच मागे टाकले. मराठीत ते अजून डोकावते. 'नागरी सहकारी बँक' म्हटले की शहरच डोळ्यांपुढे येते आणि गावच्या सूचनाफलकावर बहुधा 'ग्रामस्थ' असतात. मग खेड्यातला माणूस नागरिक नव्हे काय?

बुलडाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याचे उदाहरण पाहू. १७२४ साली तेथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. रयतेला विचारतो कोण? १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला; सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले आणि १९३६ च्या करारात त्यास पुन्हा मान्यता मिळाली. अंमल एकाचा, मालकी दुसऱ्याची. साखरखेर्ड्याचा शेतकरी दोघांचीही प्रजा. राज्यघटनेने त्यास 'नागरिक' म्हटले, तेव्हा त्यास नगरवासी केले नाही. राज्याचा धनी केले.

संत पौलाने या शब्दाचे बळ ओळखले होते. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात त्यास फटक्यांसाठी बांधतात, तेव्हा रोमी नागरिकास चौकशीविना फटके मारणे कायद्यास धरून आहे काय, असे तो विचारतो आणि अधिकारी बिचकतात. सत्तेला जाब विचारण्याचा हक्क, हा नागरिकत्वाचा गाभा आहे. राहण्याचे ठिकाण हा नव्हे.

तरीही या शब्दावर सारा भार टाकणे आम्हांस मान्य नाही. घटनेचा १९ वा अनुच्छेद भाषणस्वातंत्र्य 'नागरिकांस' देतो. पण समानतेचा १४ वा आणि धर्मस्वातंत्र्याचा २५ वा अनुच्छेद 'व्यक्ती'विषयी बोलतो. उपासनेचा हक्क माणूसपणाचा आहे; त्यासाठी नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. अल्पसंख्य समाजाने हा भेद विसरू नये. दारी आलेल्या परक्याशी वागतानाही तो स्मरावा.

आपण पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतो. शहरातल्या पॅरिशलाही ते नाव खटकत नाही. मग खेड्यातल्या माणसास 'नागरिक' म्हणताना आपण का अडखळावे? शब्दाचा अर्थ वापराने घडतो. विजेत्याने लादलेले फत्तेखेर्डा विरून गेले. लोकांच्या तोंडचे साखरखेर्डा राहिले.