दहा तोंडांचा भार

संबळाची चाल बदलली तशी पेंगुळलेली माणसे सावरून बसली. वाटेच्या टोकाला टेंभे हलले आणि रावण आला. मधले तोंड नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर, बाकीची दोन्ही बाजूंना ओळीने. एवढा पसारा त्या अरुंद वाटेत मावेना. म्हणून वळताना तो आधी थांबायचा, अंग तिरके करायचा, मग पाऊल टाकायचा. मागून एकाने त्याला कमरेला धरले होते. जव्हारकडच्या एका पाड्यावर मी हे पाहिले, आणि तेव्हापासून रंगभूमीवरच्या राजाविषयी बोलणे निघाले की मला ते वळण आठवते. जेवढे सामर्थ्य तेवढेच ओझे, हे त्या नाचणाऱ्याने एक शब्द न बोलता सांगितले होते.

जामसरपासून मोखाड्यापर्यंतच्या या डोंगरपट्ट्यात होळीनंतर आणि पावसाळ्याआधी बोहाडे, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाचे उत्सव, भरतात. कोणी याला भोवाडा म्हणतात. गणपती आणि सरस्वती पुढे येतात, मग रामायण-महाभारत आणि पुराणांतली सोंगे एकामागून एक रात्रभर नाचतात. शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध होते. कुठे सोंग एखाद्या घराकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेले असते, कुठे त्यासाठी बोली लागते, कुठे ते नवसाचे असते. पूर्वीचे मुखवटे लाकडाचे, जड. आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे.

मनाने वाईट नसलेला, पण चुकणारा राजा आज आपल्या नाटकांतून हरवत चालला आहे. त्याची आजची अवस्था तपासायची तर बोहाड्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

रावणाला भला म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण बोहाडा त्याला नुसता दुष्टही ठरवत नाही. शिवाचा भक्त, विद्वान, बहिणीच्या अपमानाने पेटलेला भाऊ आणि परस्त्रीला पळवून आणणारा अपराधी, हे सगळे एकाच मुखवट्याखाली वावरतात. देवाचा मुखवटा पूजला जातो तसा दानवाचाही. या कलेची समज त्या पूजेत आहे. ज्याचा पराभव दाखवायचा त्याला आधी मान द्यायचा, तरच पराभव मोठा होतो.

मुखवट्याचा चेहरा बदलत नाही. राग, पश्चात्ताप, मोह, काहीही चेहऱ्यावर आणता येत नाही. मग राजाचे चुकणे दाखवायचे कसे? ते पावलांत येते, खांद्यांत येते, संबळाच्या लयीत येते. प्रत्येक मोठ्या सोंगाची चाल वेगळी, आणि जाणता वाजवणारा ती ओळखून ठोका देतो. राजाला आपला स्वभाव बदलता येत नाही, ही शोकांतिकेची मूळ गोष्ट इथे लगद्याच्या एका तोंडात गोठलेली असते.

तळकोकणातला दशावतार याच प्रश्नाला दुसरे उत्तर देतो. तिथे आख्यान ठरलेले, संवाद मात्र नट तिथल्या तिथे रचतो. विचार न करता वचन देऊन बसलेला राजा त्याला शब्दांनी उभा करावा लागतो. त्यामुळे राजपार्ट करणाऱ्याची वाणी हीच त्याची संपत्ती. चांगला नट वचन देताना असा रंगतो की चूक होते आहे हे प्रेक्षकाला कळते, पण राजावरचे प्रेम कमी होत नाही.

लिहिलेल्या नाटकानेही हा राजा आपल्याला दिला. वसंत कानेटकरांनी 1962 मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिले तेव्हा साक्षात शिवाजी महाराजांना घरच्या कलहात हतबल झालेला बाप म्हणून समोर आणले. त्याने महाराज लहान झाले नाहीत, जवळचे झाले. गिरीश कर्नाडांचा ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणला. प्रजेचे भले चिंतणारा हा सुलतान राजधानी दिल्लीहून आपल्या महाराष्ट्रातल्या दौलताबादेस हलवतो आणि त्या भल्याच्या पायी प्रजा भरडून निघते. रत्नाकर मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये पुत्रप्रेमाने आंधळा झालेला धृतराष्ट्र युद्धानंतर वनात आपल्याच निर्णयांशी झुंजतो.

आज मोठ्या पडद्यावर आणि मालिकांत राजा बहुधा निर्दोष असतो आणि सगळे दोष शत्रूच्या वाट्याला जातात. राजा चुकलाच, तर त्याचे कारण कोणीतरी कपटी कारभारी असतो. अशा राजापुढे हात जोडता येतात, पण त्याच्याकडून काही शिकता येत नाही.

जव्हारच्या प्रेक्षकाला मात्र राजा ही ऐकीव गोष्ट नव्हती. मुकणे घराण्याचे संस्थान चौदाव्या शतकापासून 1948 पर्यंत चालले. घराणे महादेव कोळी, म्हणजे राजा आपल्यातलाच. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. राजे गेले, सरकार आले, योजना आल्या. तरी 1992 मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. हेतू चांगला आणि हात तोकडा, असा राज्यकर्ता इथल्या माणसाने अंगावर सोसला आहे. त्याला मुखवट्यातल्या राजाचे ओझे समजावून सांगावे लागत नाही.

आता बोहाड्याच्या प्रकृतीविषयी स्पष्ट बोलायला हवे. मुखवटा टिकतो आहे. तो शहरातल्या दिवाणखान्यात भिंतीवर लागतो, कारागिराला चार पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. धोका आख्यानाला आहे. सरकारी महोत्सवात बोहाड्याला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात देवी आणि महिषासुराचे युद्ध उरकते, आणि मधले राजे, त्यांचे मोह, त्यांची वचने गळून पडतात. काही ठिकाणी संबळाशेजारी मोठे स्पीकर उभे राहू लागले आहेत. त्या आवाजात सोंगाची चाल ऐकूच येत नाही. नाचणारी पोरे वर्षाचे अनेक महिने वीटभट्टीवर किंवा बांधकामावर असतात. दोन दिवसांसाठी गावी येणाऱ्याला नाच जमतो, पण त्या नाचामागची गोष्ट म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायला वेळ मिळत नाही. मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि राजा वाटेतच राहतो.

यावर उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक गावच्या सोंगांची यादी, प्रत्येकाची चाल आणि त्यामागचे आख्यान जाणत्या माणसांकडून त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्यावे. हे काम आश्रमशाळेतली मुले करू शकतील. महोत्सव भरवणाऱ्यांनी बोहाड्याला दहा मिनिटांऐवजी एक पूर्ण रात्र द्यावी, नाहीतर बोलावूच नये. आणि आपण नाटकवाल्यांनी, नाटकावर लिहिणाऱ्यांनी, पुढच्या होळीनंतर एकदा तरी या पाड्यांवर जाऊन पहाटेपर्यंत बसावे. मी पाहिलेल्या त्या रावणाने मुखवटा उतरवला तेव्हा आत घामाने निथळणारा, विशीतला एक मजूर होता. डोक्याचे फडके सोडून तो मुकाट्याने पाणी प्याला, आणि मुखवटा जमिनीवर न टेकवता दोन्ही हातांनी धरून घराकडे निघाला.