संभाव्य शब्दांचे साहित्य

यंत्र आता लिहू लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकाला यंत्रलिखित कथांच्या लोंढ्यामुळे कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले. तेव्हापासून मानवी प्रतिभा वाचविण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. ही चिंता खरी आहे. परंतु कोणाची प्रतिभा, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

हे यंत्र लिहिते कसे? आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुराचे प्रचंड भांडार त्याला पुरविलेले असते. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते त्यातून शिकते. म्हणजे जे पुष्कळांनी पुष्कळदा लिहिले, त्याकडे त्याचा कल. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी लिहिले आणि कोणाच्या हाती पाटी येऊ दिली नाही, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रलिखित मजकुरावरच पुन्हापुन्हा यंत्रे शिकविली, तर जे विरळ असते ते प्रथम पुसले जाते, असे २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनाने दाखविले. दलित साहित्य हे मराठीतले असेच विरळ होते. १९६३ साली बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आणि १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा त्यांतला पुढचा शब्द प्रस्थापित रसिकाला अपेक्षित नव्हता.

कोणी म्हणेल, त्यांची नक्कल यंत्र आता सहज करील. करीलही. भूक, शिवी, आईचे फाटके लुगडे, सारे जागच्या जागी येईल. पण 'बलुतं' (१९७८) आठवावे. तेथे दया पवारांपुढे दगडू येऊन बसतो. शिकलेला माणूस आपल्याच भूतकाळाला तोंड देतो. त्यासाठी स्वसमाजातील काहींचा रोषही त्यांनी सोसला. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले. ते पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. त्या लिहिण्यात धोका होता. यंत्रापुढे दगडू नाही आणि कोणापासून काही लपवावे असे त्याचे जगणेही नाही.

माझ्या वर्गातली पहिल्या पिढीची मुले हल्ली निर्दोष प्रमाणभाषेत निबंध देतात. शुद्धलेखनाच्या नावाने ज्यांना सतत हिणवले गेले, त्यांनी यंत्राचा आधार घेतला तर दोष कसा द्यावा? अर्ज, पत्रे त्याने खुशाल लिहावीत. पण त्या निबंधांत त्यांची वस्ती नसते, बोली नसते, राग नसतो. छडीने शिकविलेली भाषाच आता फुकट मिळते, इतकेच.

म्हणून केवळ यंत्राला बंदी घालून प्रतिभेचे रक्षण होणार नाही. ऊसतोडीच्या फडावर, गटारात उतरणाऱ्याच्या घरात जे अजून कागदावर आलेले नाही, ते त्यांच्याच बोलीत लिहिले गेले पाहिजे. नवख्याची ओबडधोबड ओळ गुळगुळीत न करता छापली पाहिजे. हे काम शिक्षकांचे आहे आणि आपल्या नियतकालिकांचेही.