उसना पाऊस

दुसऱ्याच्या चित्रावर तिसऱ्याचे गाणे चढवायचे आणि त्याला आपली निर्मिती म्हणायचे, या प्रकाराविषयी माझे मत काही चांगले नव्हते. मुलुंडच्या आमच्या इमारतीतली कॉलेजात जाणारी मुले जिन्यात बसून मोबाईलवर हाच उद्योग करतात. एखादा जपानी कार्टूनपट घ्यावा, त्यातले तुकडे कापावेत, आवडत्या गाण्याच्या ठेक्यावर ते जोडावेत आणि तीन-चार मिनिटांची चित्रफीत तयार झाली की सगळ्यांना दाखवीत सुटावे. 'एएमव्ही' हे त्यांनी त्याला दिलेले नाव. अशा वीसेक चित्रफिती मी मुलांच्या आग्रहाखातर पाहिल्या असतील. बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही.

उसनवारीचा आक्षेप खरे तर आपण मराठी माणसांनी घेऊच नये. १८८२ सालच्या 'सौभद्रा'तली पदे छापली गेली, ती डोक्यावर 'चाल' अशी नोंद घेऊन. कोणत्या गाण्यावरून चाल उचलली, ते तिथेच उघड सांगितलेले असे. 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी मैफलीतल्या चिजाच रंगभूमीवर आणल्या. त्यावर कोणी चोरीचा आळ घेतला नाही. उसन्या चालीत रुक्मिणीचे मन मावले की नाही, एवढेच रसिकांनी पाहिले. चित्रपटाच्या मालकीचा प्रश्न निराळा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, वकील आहेत, ते पाहून घेतील.

तरीही यातल्या बहुतेक चित्रफिती फसतात, आणि त्याचे कारण उसनवारी नव्हे. कारण तालाचे आहे. ढोल वाजला की चित्र बदलले, पुन्हा वाजला, पुन्हा बदलले. या मुलांना सम बरोबर सापडते, खाली सापडत नाही. तबलजी खालीवर हात हलका करतो म्हणून तर समेला वजन येते. गंमत अशी की ज्या हायाओ मियाझाकींच्या चित्रपटांवर ही मुले जीव टाकतात, त्यांनीच २००२ मध्ये एका मुलाखतीत दोन टाळ्यांमधल्या रिकाम्या जागेचे महत्त्व सांगितले होते. त्यांच्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटात पाण्यावरून जाणारी एक आगगाडी आहे. त्या प्रसंगात जवळजवळ काहीच घडत नाही, आणि तोच चित्रपटाचा प्राण आहे. आमची मुले नेमकी ती गाडी कापून दीड सेकंदाची करतात!

दुसरा दोष पुनरुक्तीचा. गाण्यात पाऊस आला की चित्रात पाऊस, गाण्यात डोळे आले की चित्रात डोळे. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले; इथे नुसता संवादच संवाद. वास्तविक या प्रकाराचा जन्मच विरोधातून झाला. १९८२ साली एका अमेरिकन तरुणाने दोन व्हिडिओ रेकॉर्डर एकमेकांना जोडले आणि 'स्टार ब्लेझर्स' या जपानी मालिकेतली अंतराळातली मारामारी बीटल्सच्या 'ऑल यू नीड इज लव्ह' या प्रेमाची महती सांगणाऱ्या गाण्यावर बसवली. तो विनोद होता, पण त्यात दृष्टी होती.

आता ती एक चित्रफीत. करणारी मुलगी आमच्याच मजल्यावरची, २६ जुलै २००५ नंतर वर्षभराने जन्मलेली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तिची आई तेव्हा अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला होती. गाड्या बंद, फोन बंद. पवईवरून रात्रभर चालत ती सकाळी मुलुंडला पोचली, तेव्हा तिची आई, म्हणजे या मुलीची आजी, दारातच बसलेली होती. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली आहे की मुलीलाही ती स्वतःच्या आठवणीसारखीच झाली असावी.

तिने निवडला माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा २०१९ चा चित्रपट. त्यात टोकियोवर पाऊस पडत राहतो तो थांबतच नाही, आणि शेवटी शहराचा सखल भाग पाण्याखाली जातो. तिची पहिली चित्रफीत इतरांसारखीच होती: ढणढणते गाणे, शंभरावर तुकडे. ती पाहून आई एवढेच म्हणाली, "हा आमचा पाऊस नव्हे गं." आईचे म्हणणे अचूक होते. शिनकाईंचा प्रत्येक थेंब मोत्यासारखा चमकतो. त्या दिवशीचे आपले पाणी मातकट होते, त्याला वास होता, आणि खाली उघडे गटार आहे की रस्ता हे कळत नव्हते. रेखाटलेला पाऊस कितीही सुंदर असला तरी तो ओला नसतो. उसनवारीची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे.

मुलीने ती चित्रफीत पुसून टाकली आणि महिन्याभराने दुसरी केली. हिच्यात जेमतेम अकरा तुकडे आहेत. गाणे नाही, वाद्य नाही. आहे ती आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी, केव्हातरी मोबाईलवर टिपलेली. मागे कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. आजी कऱ्हाडकडची, दोन वर्षांपूर्वी गेली. ओवीला ठेका असतो तो जात्याच्या फेऱ्याचा, आणि इथे जातेही नाही. त्यामुळे कापायला आधारच उरला नाही. मुलीला आजीच्या श्वासावर कापावे लागले. खाली सापडली ती अशी.

मधला तुकडा सर्वांत लांब आहे. मूळ चित्रपटात बुडालेल्या घरातून दुसरीकडे राहायला गेलेली एक म्हातारी आहे. तिच्यापुढे नायक ओशाळून माफी मागतो, तेव्हा ती त्याची समजूत घालते: हा भाग पूर्वी समुद्रच होता, तो मूळपदावर आला इतकेच. टोकियोत हे वाक्य शहाणपणाचे वाटते. मुंबईत ते मला भयंकर वाटते. आपलेही बरेचसे शहर भरावावर आहे, हे खरे. पण मिठी नदी अरुंद केली ती माणसांनी, आणि ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची गटारे दुसऱ्या शतकातही तशीच ठेवली तीही माणसांनीच. 'पूर्वी समुद्रच होता' म्हटले की सगळे सुटले! मुलीने म्हातारीचा चेहरा ठेवला आणि तिचे हे बोलणे पुसून त्या जागी ओवी घातली. समजूत घालणारी म्हातारी वाट पाहणारी झाली. एवढ्या एका सांध्यात तिने चित्रपटावर जी टीका केली आहे, ती मला दोन पाने लिहून साधली नसती.

हे जाणूनबुजून केले का, असे मी विचारले. "ते वाक्य मला आवडत नव्हतं, काका," एवढेच उत्तर मिळाले.

दोष आहेत. शेवटी ढगांवरचे लख्ख ऊन दाखवण्याचा मोह तिला आवरला नाही. ओवी संपलेली असताना ते ऊन उपरे वाटते. स्वतःचे नाव तिने उगाचच केवढ्या ठसठशीत अक्षरांत घातले आहे. हे दोन्ही मी तिला सांगितले. नाव तिने लहान केले, ऊन ठेवले.

वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांच्या घरी ती चित्रफीत टीव्हीवर लावली. आई चकल्या पाडता पाडता उठून आली आणि पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. संपल्यावर पावसाविषयी ती काहीच बोलली नाही. तिने विचारले, "आईचा हा आवाज तू कधी टिपलास?"