कालप्रवासाच्या कथा आणि भूतकाळाचा पेच

भूतकाळात जाऊन एखाद्याने आपल्या आजोबांना त्यांच्या लग्नाआधीच मारले, तर तो स्वतः जन्माला येणार नाही. आणि तो जन्मालाच आला नाही, तर आजोबांना मारले कोणी? कालप्रवासाच्या साहित्यातला हा सर्वांत परिचित पेच. एच. जी. वेल्सने ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) नायकाला ८,०२,७०१ सालच्या भविष्यात धाडले, त्यामुळे त्याला या पेचात शिरावेच लागले नाही. फ्रेंच लेखक रने बार्जावेलच्या १९४४ सालच्या कादंबरीने मात्र तो अंगावर घेतला. तिचा नायक १७९३च्या तुलाँच्या वेढ्यात नेपोलियनला मारायला जातो आणि त्याच्या हातून आपल्याच पूर्वजाचा जीव जातो. या पेचातून सुटण्यासाठी लेखकांनी तेव्हापासून मुख्यतः तीन वाटा धरल्या आहेत.

पहिली वाट, भूतकाळ बदलतो आणि त्याबरोबर वर्तमानही बदलतो असे मानण्याची. रे ब्रॅडबरीची ‘अ साउंड ऑफ थंडर’ (१९५२) ही तिची नमुनेदार कथा. २०५५ सालचे शिकारी डायनोसॉर मारायला सहा कोटी वर्षे मागे जातात. जमिनीला पाय लागू नये म्हणून अधांतरी पायवाट टाकलेली असते. जो प्राणी तसाही काही क्षणांत मरणार आहे, त्यालाच तांबड्या रंगाची खूण करून टिपायचे, असा दंडक असतो. त्यांतला एकेल्स घाबरून वाट सोडतो आणि त्याच्या बुटाखाली एक फुलपाखरू चिरडते. परतल्यावर कार्यालयाच्या फलकावरचे शुद्धलेखन बदललेले असते आणि निवडणुकीत हरलेला हुकूमशाही वृत्तीचा उमेदवार जिंकलेला असतो. परिणाम जबरदस्त, पण तर्क लंगडा आहे: सहा कोटी वर्षांची साखळी हलूनही तेच कार्यालय आणि तेच दोन उमेदवार कसे उरले? ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये (१९८५) छायाचित्रातली भावंडे एकेक करून पुसट होत जातात. तिथेही तर्कापेक्षा नाट्याची सोय पाहिली आहे.

दुसरी वाट बंद वर्तुळाची. प्रवाशाने मागे जाऊन जे केले ते आधीपासूनच घडलेले असते. म्हणून काहीच बदलत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने १९७६ मध्ये या भूमिकेची तर्कशुद्ध मांडणी केली. त्याच्या कितीतरी आधी रॉबर्ट हाइनलाइनने ‘ऑल यू झॉम्बीज’मध्ये (१९५९) ती टोकाला नेली होती: तिथे एकच व्यक्ती स्वतःची आई आणि बापही ठरते. गणित चोख जुळते, मात्र पात्राला स्वतःची निवड उरत नाही. टेड चिआंगच्या ‘द मर्चंट अँड द अल्केमिस्ट्स गेट’ (२००७) या कथेने ही उणीवच बळ म्हणून वापरली. बगदादचा व्यापारी मृत पत्नीसाठी वीस वर्षे मागे जातो. तो तिला वाचवू शकत नाही. पण तिचा अखेरचा निरोप त्याच्या कानी पडतो. भूतकाळ तसाच राहतो, त्याची समज बदलते.

तिसरी वाट समांतर विश्वांची. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये पुंजभौतिकीचा जो अन्वयार्थ मांडला, त्याचा आधार या कथांना मिळाला. मागे जाऊन केलेला बदल विश्वाच्या दुसऱ्याच शाखेत घडतो, म्हणून आजोबांचा पेच उरतच नाही. मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत कालयंत्र नाही, पण शाखांची कल्पना आहे. अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा मुंबईत पोहोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते. कारण तिथे गोळी विश्वासरावांना न लागता चाटून गेली होती. तिथल्या बखरीचे एक फाटके पान त्यांच्या खिशातून इकडे येते. एका गोळीवर इतिहास किती अवलंबून असतो, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी असल्याने शाखा ही इथे पळवाट ठरत नाही.

अलीकडच्या पडद्यावर ती बऱ्याचदा पळवाट ठरते. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये (२०१९) मेलेली गमोरा दुसऱ्या शाखेतून जिवंत हजर होते आणि आधीच्या मृत्यूची धार बोथट होते. जर्मन मालिका ‘डार्क’ने (२०१७–२०२०) तेहतीस वर्षांच्या फेऱ्यांचे वर्तुळ काटेकोर विणले, शेवटी मात्र ती गाठ सोडवायला तिला तिसरे विश्व आणावे लागले. याउलट सुमारे सात हजार डॉलरांत झालेल्या ‘प्रायमर’मध्ये (२००४) नियम कठोर आहेत: यंत्र सुरू केले त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही, आणि सहा तास मागे जायचे तर सहा तास पेटीत बंद राहावे लागते. त्यातल्या मित्रांमधला अविश्वास या नियमांतूनच उगवतो.

तिन्ही वाटांनी चांगले लेखन झाले आहे, पण समांतर विश्वांची वाट आज सर्वांत जास्त वापरली जाते आणि तीच सर्वांत सैल आहे. नियम आधी सांगून पात्रांकडून त्याची पुरेपूर किंमत वसूल करणाऱ्या कथाच टिकतात. ऐनवेळी नवे विश्व उघडणाऱ्या कथा पेच सोडवत नाहीत, टाळतात.