'सुधारणे' या क्रियापदाची चिकित्सा

सरकारी अहवाल म्हणजे वाङ्मय नव्हे, असे आपले समीक्षक मानतात. मला हे मान्य नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून कागदावरच्या शब्दाची ताकद मी जाणतो.

सफाई कामगारांच्या राहणीमानाच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. १९५२ साली अहवाल आला. राहणीमान सुधारा, कामाची परिस्थिती सुधारा, किमान वेतन ठरवा, हा त्याचा आशय. मैला डोक्यावरून वाहू नये, ढकलगाडी द्यावी, ही शिफारस केंद्राने १९५५ साली राज्यांना कळवली. डोक्यावरचे ओझे उतरावे, याचे मोल मी कमी मानत नाही. परंतु गाडी ढकलणारा कोणत्या जातीचा, हा प्रश्न तसाच राहिला. सॅनिटरी इन्स्पेक्टर गटारे तपासी, हजेरी तपासी. हे काम याच माणसांकडे का, हे तपासणे त्याच्या कामात नव्हते.

१९६० च्या मलकानी समितीने दाखवले की, अनेक गावांत घरे आणि गल्ल्या सफाई कामगारांत वंशपरंपरेने वाटलेल्या होत्या. त्याला 'रूढीने आलेला हक्क' म्हणत. गुलामीला हक्क म्हणणारी ही भाषा कोणाची?

'सुधारणे'पासून बंदीच्या कायद्यापर्यंत, म्हणजे १९५२ ते १९९३, एक्केचाळीस वर्षे गेली. २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. मरण थांबले असते, तर भरपाई वाढवावी लागली नसती.

धामणकर नाक्यावरच्या माझ्या विद्यार्थ्यांना भिवंडीच्या यंत्रमागांचा इतिहास ठाऊक आहे. आता त्यांनी आपल्या गावच्या सफाई खात्याची जुनी हजेरीपत्रके मागावीत आणि त्यातली आडनावे वाचावीत. ती समीक्षाच आहे.