खळगा म्हणजे शून्य नव्हे

पडेगावातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. विषय होता ‘डीव्हीडी व ब्लू-रे तबकडीवर चित्रपट कसा साठवतात?’ आकृती सुबक होती. खाली ठळक अक्षरांत दोन विधाने होती : ‘खळगा म्हणजे ०, सपाट भाग म्हणजे १’ आणि ‘ब्लू-रेमध्ये निळा लेझर असल्याने पाचपट माहिती मावते’. ही विधाने मुलांच्या मनची नव्हेत. लोकप्रिय लेखांतून ती वर्षानुवर्षे छापली जात आहेत. तेव्हा मुलांना दोष न देता विधानेच तपासून पाहू.

तक्त्यापाशी एका मुलीने विचारले, “खळग्यावरही ॲल्युमिनियमचाच थर आहे ना? मग तिथून प्रकाश परत का येत नाही?” उत्तर मिळाले, “तो खळग्यात अडकतो.” प्रश्न उत्तम होता, उत्तर चुकीचे होते.

खळग्यावरूनही प्रकाश परत येतोच. मात्र लेझरचा ठिपका खळग्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे काही प्रकाश खळग्यावरून आणि काही भोवतालच्या सपाट भागावरून परततो. सीडीसाठी वापरलेल्या लेझरची तरंगलांबी हवेत ७८० नॅनोमीटर असते. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५५ असल्याने तबकडीच्या आत ती ५०० नॅनोमीटरच्या आसपास येते. खळग्याची खोली साधारणपणे या लांबीच्या चतुर्थांशाएवढी ठेवतात. जाऊन येण्यात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, एका तरंगाचा शिखरबिंदू दुसऱ्याच्या दरीवर येतो आणि भिंगाकडे परतणारा प्रकाश मंदावतो. बारावीत शिकवतो तेच हे व्यतिकरण!

आता शून्य आणि एक. सीडी व डीव्हीडीमध्ये ‘१’ म्हणजे खळग्याची कड, म्हणजे खळगा जिथे सुरू होतो किंवा संपतो ती जागा. ठरावीक काळाच्या एका ठोक्यात कड आली नाही तर ‘०’. म्हणजे खळग्याच्या लांबीतही शून्ये असतात आणि सपाट भागातही. माहितीचे सांकेतिक रूपांतर असे करतात की दोन ‘१’च्या मध्ये किमान दोन व कमाल दहा शून्ये यावीत. कडा फार जवळ आल्या तर त्या वेगळ्या ओळखू येणार नाहीत. फार दूर गेल्या तर यंत्राचा ठोका चुकेल. तक्त्यातील एका ओळीने हा सगळा विचार पुसून टाकला आहे.

दुसरे विधान अर्धेच खरे आहे. ठिपक्याचा व्यास तरंगलांबीच्या सम प्रमाणात आणि भिंगाच्या ‘न्यूमरिकल अपर्चर’च्या व्यस्त प्रमाणात असतो. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते, त्याचे हे माप. डीव्हीडीसाठी हे आकडे ६५० नॅनोमीटर व ०.६०, तर ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर (हा रंग खरे तर जांभळा!) व ०.८५ आहेत. क्षेत्रफळासाठी वर्ग करू. लेझरमुळे (६५० ÷ ४०५)² म्हणजे सुमारे २.६ पट आणि भिंगामुळे (०.८५ ÷ ०.६०)² म्हणजे सुमारे २ पट, एकूण ५.२ पट. एका थराची क्षमता प्रत्यक्षात ४.७ वरून २५ गिगाबाइट झाली, म्हणजे ५.३ पट. भिंगाचा वाटा असा मोठा आहे, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. रुंद कोनाच्या भिंगाला तबकडीचा किंचित कलही खपत नाही. म्हणून माहितीवरील पारदर्शक थर ०.६ वरून ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला आणि ओरखड्यांपासून जपण्यासाठी वर कठीण लेप द्यावा लागला.

कोणी म्हणेल, तबकड्यांचे दिवस सरले. सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनही थांबवले. मग हा खटाटोप कशाला? आम्हांस वाटते, आता तर तबकडी शाळेच्या अधिकच कामाची आहे. ती रद्दीच्या भावात मिळते आणि तिच्यावर प्रयोग करता येतो.

पुठ्ठ्याला छिद्र पाडून त्यातून कमी शक्तीच्या लाल लेझर पॉइंटरचा (६५० नॅनोमीटर) किरण १० सेंटिमीटरवरील सीडीवर सरळ पाडावा. किरण वा त्याचे परावर्तन कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, ही दक्षता शिक्षकांनी घ्यावी. छिद्राच्या दोन्ही बाजूंना पहिला ठिपका सुमारे साडेचार सेंटिमीटरवर दिसेल; डीव्हीडी लावल्यास सुमारे अठरा सेंटिमीटरवर. ‘साइन θ = तरंगलांबी ÷ मार्गांतील अंतर’ या सूत्राने सीडीच्या शेजारच्या मार्गांतील अंतर १.६ आणि डीव्हीडीचे ०.७४ मायक्रोमीटर, असे मुलांना स्वतः काढता येईल.

शेवटी ब्लू-रे लावावी. तिच्या मार्गांतील अंतर ०.३२ मायक्रोमीटर असते. बाजूचे ठिपके दिसणारच नाहीत. ते का, हे लगेच सांगू नये. साइनची किंमत मुलांनाच काढू द्यावी. प्रदर्शनातील त्या मुलीला असे उत्तर मिळायला हवे होते.