‘छायांची सेना’ : पुनर्दर्शन आणि पाठनिश्चिती

झाँ-पिएर मेलव्हिल यांचा ‘लार्मे देझोंब्र’, म्हणजे ‘छायांची सेना’, हा चित्रपट सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. मे १९६८ चे आंदोलन ताजे होते आणि एप्रिल १९६९ मध्ये द गॉल यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले होते. अशा वेळी जर्मन व्याप्तीविरुद्धच्या भूमिगत लढ्याचे गंभीर चित्रण करणारी आणि लंडनच्या प्रसंगात खुद्द द गॉल यांची आकृती पडद्यावर आणणारी ही कलाकृती ‘काये द्यु सिनेमा’च्या समीक्षकांना गॉलवादाचे समर्थन वाटली. अमेरिकेत ती २००६ पर्यंत प्रदर्शितच झाली नाही. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या चित्रपटसमीक्षक मंडळाने तिला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार दिला. २००७ मध्ये क्रायटेरियनने तिची डीव्हीडी काढली आणि पुढे ब्लू-रे आवृत्तीही आली. एकाच कृतीविषयी सदतीस वर्षांच्या अंतराने इतके परस्परविरोधी निर्णय व्हावेत, ही घटना ग्रहणाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिला निर्णय राजकीय पूर्वग्रहाचा आणि दुसरा शुद्ध सौंदर्यदृष्टीचा, अशी विभागणी सोयीची असली तरी ती टिकणारी नाही.

चित्रपटगृहातील अनुभव एकरेषीय असतो. पुढे गेलेले दृश्य प्रेक्षकाला मागे आणता येत नाही. तबकडीवर आलेला चित्रपट मात्र थांबवता येतो, उलट फिरवता येतो, एका दृश्यापाशी पुन्हा पुन्हा परतता येते. म्हणजेच तो ग्रंथासारखी संहिता बनतो, आणि संहिता म्हटली की पाठनिश्चितीचा प्रश्न येतो. आर्क द त्रिओंफपाशी जर्मन सैनिकांचे संचलन दाखवणारे दृश्य मेलव्हिल यांनी आधी अखेरीस योजले होते. नंतर त्यांनी ते आरंभी आणले. हा केवळ क्रमाचा बदल नव्हे. अखेरीस असताना ते दृश्य पराभवाचा निष्कर्ष ठरले असते. आरंभी आल्याने ते पुढील प्रत्येक कृतीची अट ठरते. रंगांचेही तसेच. मेलव्हिल १९७३ मध्ये वारले. २००४ च्या पुनर्संस्करणात निळ्या-करड्या छटांचा निर्णय छायालेखक पिएर लोम यांच्या देखरेखीखाली झाला. हस्तलिखितांचा संपादक ज्या जबाबदारीने एक पाठ स्वीकारतो आणि दुसरा नाकारतो, तीच जबाबदारी येथे आहे.

या संहितेचे सूक्ष्म वाचन केले असता गॉलवादी गौरवगाथेचा आरोप दुबळा ठरतो. मेलव्हिल यांनी ‘ल सामुराई’मध्ये सिद्ध केलेला न्वार रूपबंध, म्हणजे हॅट आणि ओव्हरकोट घातलेली अबोल माणसे, रिकाम्या खोल्या, टोळीची अलिखित आचारसंहिता, येथे देशभक्तांच्या कथेला लावलेला आहे. परिणामी शत्रूवरील मोठी कारवाई चित्रपटात जवळजवळ नाहीच. आहेत त्या पलायनाच्या, सुटकेच्या आणि स्वकीयांच्या हत्येच्या घटना. फितूर तरुणाला मारण्यासाठी घेतलेल्या घराशेजारी ऐनवेळी बिऱ्हाड आलेले निघते. पिस्तुलाचा आवाज चालणार नाही, म्हणून टॉवेलने गळा आवळावा लागतो. त्या खोलीत विचारप्रणालीचा एकही शब्द उच्चारला जात नाही. उरतो तो कृतीचा बोजा. झाँ-फ्रान्स्वा मुद्दाम स्वतःला अटक करवून घेतो आणि जवळची एकमेव विषाची गोळी छळ सोसणाऱ्या साथीदाराला देतो. पण त्याने लढाच सोडला, अशी बाहेरच्या साथीदारांची समजूत राहते. बलिदानाला साक्षीदार नाही, म्हणून त्याचे स्मारकही नाही. राष्ट्रीय गौरवकथेला हे परवडणारे नसते.

मातिल्दच्या हत्येत हा ताण परमावधीला पोहोचतो. मुलीचे छायाचित्र जवळ बाळगू नये, ही सूचना तिने मानलेली नाही. त्या एका मानवी चुकीतून गेस्टापोला तिच्यावर पकड मिळते. प्रमुख ल्युक जार्दी असा युक्तिवाद करतो की तिलाच मरण हवे आहे. हा युक्तिवाद खरा की सोयीचा, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. भर रस्त्यात गोळ्या झेलण्यापूर्वीची सिमोन सिन्योरे यांची नजर दोन्ही अर्थ शक्य ठेवते. त्यानंतरच्या पाट्या उरलेल्या चौघांचे मृत्यू सांगतात. जोझेफ केसेल यांची मूळ कादंबरी १९४३ मध्ये अल्जिअर्स येथे, लढा चालू असताना प्रसिद्ध झाली होती. फेब्रुवारी १९४४ मधील जेर्बिएचा मृत्यू तिच्यात असणे शक्य नव्हते. कादंबरीत भविष्यकाळ मोकळा आहे. चित्रपटात तो मिटलेला आहे. स्वतः प्रतिकार चळवळीत असलेल्या दिग्दर्शकाने केलेली ही भर हाच चित्रपटाचा खरा राजकीय आशय होय.

येथेच दुसऱ्या निर्णयाची मर्यादाही दिसते. ‘कालातीत श्रेष्ठ कृती’ म्हणून तबकडीवर आलेल्या चित्रपटाभोवती जिनेत व्हँसाँदो यांचे भाष्य, मुलाखती, १९४४ चा एक माहितीपट अशी सामग्री आहे, आणि ती अभ्यासकाला निःसंशय उपकारक आहे. परंतु ‘कालातीत’ हे विशेषण लावताच १९६९ चा वाद एक गैरसमज म्हणून निकालात निघतो. वस्तुतः तो वाद निरर्थक नव्हता. सारा देश प्रतिकारात सहभागी होता, या मिथकाला त्याच वर्षी पूर्ण झालेल्या मार्सेल ओफ्युल्स यांच्या ‘ल शाग्रँ ए ला पितिए’ने आव्हान दिले आणि फ्रेंच दूरदर्शनने तो माहितीपट १९८१ पर्यंत दाखवला नाही. ‘काये’च्या समीक्षकांनी उत्तर चुकीचे दिले असेल, पण प्रतिकाराची स्मृती कोणाच्या मालकीची, हा त्यांचा प्रश्न योग्य होता. पुनर्संस्कृत प्रतीने चित्रपटाचे रंग परत मिळवून दिले. तो प्रश्न परत मिळवणे हे समीक्षेचे काम आहे.